सखाराम वल्द महादेव

आमच्या घराण्यात पूर्वी पुरुषांना नावं दोनच, सखाराम आणि महादेव. सखारामाचा मुलगा महादेव, महादेवाचा मुलगा सखाराम, आणि पुन्हा पहिल्यापासून. आजा गेला की पुढच्या पोराला त्याचं नाव ठेवायचं, आजाच परत घरात आला म्हणायचं, आणि त्या तान्ह्या पोराला थोरामोठ्यांनीसुद्धा अहो-जाहो करायचं. आजा हयात असला तर मात्र त्याचं नाव पोराला देत नसत. माझ्या आजोबांचं नाव देवराव पडलं ते त्यांचा आजा त्या वेळी धडधाकट होता म्हणून. या सगळ्यात पंचाईत व्हायची ती बायकांची. सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, नवऱ्याचं तर नाहीच नाही. मग सासऱ्याच्या नावाचं पोर रांगत उंबऱ्याबाहेर चाललं तर हाक काय मारायची? म्हणून कुणी बापू, कुणी नाना, कुणी नुसताच बाळ्या. खरं नाव कागदावर, तेही कुणी लिहिलं असलं तर. आमची आईसुद्धा रेशनच्या दुकानात 'सुरेशच्या बाबाचं कार्ड' असंच सांगायची. सुरेश म्हणजे माझा धाकटा भाऊ. दुकानदारही काही विचारायचा नाही, त्याच्या घरीही तेच चालत असणार. एवढं पाल्हाळ लावते आहे कारण माझ्या ताईच्या लग्नाचं जे झालं ते या नावांपायी झालं, आणि त्यात माझा हात होता. तो किती होता, ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मी सोळा वर्षांची होते आणि विमलताई एकवीस. अमरावतीला राजापेठेत आमचं चार खोल्यांचं घर, मागे फरशीचं अंगण. बाबा कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून होते. लग्नाला महिना उरला तशी गल्लीतल्या बायका दुपारची जेवणं उरकून आमच्याकडे जमायला लागल्या. शेवया, कुरडया, पापड, आणि काडीवर कणकेची दोरी गुंडाळून केलेले सरगुंडे. खाटांवर धुतलेली धोतरं अंथरून त्यावर सगळं वाळत पडलेलं असायचं, आणि कावळे हाकलायला मी. बायकांच्या बांगड्या, पाटावर शेवया वळण्याचा घसघस आवाज, मधूनच कुणाच्या तरी सासूची नक्कल आणि हशा. ताई त्या दिवसांत गुणगुणायची. ती गाते हे मला तोवर माहीत नव्हतं, कारण ती गायचीच नाही. रात्री उरलेल्या कुरडईच्या चिकाची खीर असायची आणि ताई आपल्या वाटीतली अर्धी मला द्यायची. तेव्हा मला वाटायचं तिला ती आवडत नाही.

माझं घरात वेगळंच कौतुक होतं. शेजारच्या निवृत्त गुरुजींनी एका सुट्टीत मला मोडी शिकवली होती आणि मी ती चटकन उचलली होती. बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठेबाबा, घरी कुणी आलं की ट्रंकेतला एखादा जुना कागद काढून मला वाचायला लावायचे. 'पाहा, पोरगी कशी सडसड वाचून राहिली,' असं म्हणून मिशीवर हात फिरवायचे. मला ते आवडायचं. फार आवडायचं, हे आत्ताच सांगून टाकते.

नवरामुलगा दिनकर मानकर. त्यांचं घर बार्शीटाकळीचं, आणि तो स्वतः अकोल्याजवळ खारपाणपट्ट्यातल्या एका गावी मास्तर होता. साक्षगंध, म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा, होऊन गेला होता. नवऱ्या मुलीला पत्र लिहिणं शोभत नसे, म्हणून त्यानं पत्र मला लिहिलं. 'चि. पुष्पा हिस अनेक आशीर्वाद' अशी सुरुवात, माझ्या अभ्यासाबद्दल दोन ओळी, आणि शेवटी, 'तुझ्या ताईला विचार, इकडचं खारं पाणी तिला चालेल का. या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही.' ताईनं ते पत्र हातात घेऊन दोनदा वाचलं. मग कुरडयांकडे बघत मला म्हणाली, 'लिही त्याइले. डाळ आदल्या दिशीच भिजू घालीन म्हना.' मी तसंच लिहिलं.

लग्नाला अकरा दिवस उरले असताना बस्ता होता. दोन्हीकडची माणसं लग्नाचे कपडे घ्यायला अमरावतीच्या बाजारात गेली, आणि दुपारी जेवायला सगळे आमच्या घरी. आलू-वांग्याची भाजी, गोळ्यांची कढी, पुरण. मानकरांबरोबर त्यांच्या घरातली सगळ्यांत म्हातारी बाई आली होती, दिनकरच्या वडिलांची आत्या. तिला सगळे जनाआत्या म्हणत. दात नव्हते, पण कान आणि जीभ तिखट. आई तिला वाढत होती तेव्हा तिनं सहज विचारलं, 'तुमचं मूळ गाव कोन्तं म्हना?'

आईनं सांगितलं. आमचं गाव भातकुलीच्या पलीकडे, दहावीस कोसांतल्या माणसांनाही नीट माहीत नसलेलं. जनाआत्याचा घास हातातच राहिला.

'आमचा सखाराम आजा तिथलाच. तिकडून उठून बार्शीटाकळीले आलता.'

बाबा हसून म्हणाले, 'मंग काय, गाववालेच निंगालो आपन. आमच्या घरातबी सखारामच सखाराम. माह्या आज्याचा बाप सखाराम.'

'कोनाचा सखाराम?'

'महादेवचा.'

'आमचाबी महादेवचाच,' जनाआत्या म्हणाली. आई कढीचं भांडं घेऊन तशीच उभी राहिली.

आमच्यात भाऊबंदांत सोयरीक होत नाही. मूळ पुरुष चार पिढ्यांमागचा असो की सात, त्याच्या वंशातला मुलगा आणि मुलगी म्हणजे भाऊ-बहीण, मग आडनावं कितीही वेगळी असोत. आणि मानकर हे आडनाव तर असं, की गावात पोळ्याला ज्याच्या बैलजोडीला मान तो मानकर. आम्ही गावंडे, आणि आमच्यातला एखादा परगावी जाऊन मानकर झाला असेल, हे कुणालाही पटण्यासारखं होतं. मोठेबाबांनी ताटावरच हात धुतला. 'आमचा सखाराम घरात भांडून निंगून गेलता, एवढं मी बापाच्या तोंडून आयकलं हाय,' ते म्हणाले. 'वापस आला का नाई, कोनालेच मालूम नाई.' जनाआत्या म्हणाली, 'मी त्यायच्या मांडीवर खेललेली हाय. पन मांगं काय सोडून आला ते तो मानूस कधी बोलला नाई.' बाहेरच्या खोलीत नव्या कपड्यांच्या पुड्या तशाच पडल्या होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि माझ्या मागे ताई. तिचा श्वास मला मानेवर लागत होता.

गावात आमचं आता कुणी नव्हतं, विचारायचं कुणाला? शेवटी मोठेबाबांनीच तोड काढली. कोतवाल बुकात गावातले जन्म आणि मृत्यू लिहिलेले असतात. घरचं माणूस जाऊन खबर द्यायचं आणि तिथे नोंद व्हायची. आमच्या गावच्या बुकात आमच्या सखारामाचा मृत्यू सापडला तर तो घरी परतला होता, तिथेच मेला, आणि बार्शीटाकळीचा सखाराम दुसरा. नाही सापडला, आणि बार्शीटाकळीच्या बुकात आमच्या गावचा सखाराम मेलेला सापडला, तर दोघे एकच. जुनी बुकं मोडीत. 'आपली पुष्पा वाचते न,' मोठेबाबा म्हणाले, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला भीती वाटायला हवी होती. माझी मान ताठ झाली.

अमरावतीच्या तहसील कचेरीतली रेकॉर्डची खोली म्हणजे पत्र्याखालचा भट्टा. पंखा होता, पण कागद उडतात म्हणून बंद. लाल फडक्यांत बांधलेले गठ्ठे सोडायचे, झटकायचे, शिंकायचं, आणि वाचायचं. पहिल्या दिवशी मी खरोखरच एकेक ओळ वाचली. कितीतरी नोंदींत नावच नव्हतं. 'गणूचं मूल', 'तुळशीरामची मुलगी', बारशाआधीच गेलेली पोरं सगळी. त्या ओळी वाचून दुपारी मला भाकर गोड लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी नुसत्या नावांवरून बोट फिरवायला शिकले. मोठेबाबा बाहेर बाकावर बसून राहायचे, दर तासाने दारात येऊन भुवया उडवायचे आणि मी मान हलवली की परत जायचे. घरी गेलं की अंगणात बायका नाहीत, पाट भिंतीला टेकवून ठेवलेला. आई कुणाला काय सांगायचं म्हणून दारच उघडत नव्हती. ताई मला हातपाय धुवायला पाणी द्यायची आणि विचारायची काही नाही.

तिसऱ्या दिवशी शेवटचा गठ्ठा उरला. त्यात तापाच्या साथीचं साल होतं, पानंच्या पानं मृत्यूंनी भरलेली, शाई पसरलेली, कागद एकमेकांना चिकटलेले. तिथला कारकून घड्याळाकडे पाहत किल्ल्या वाजवायला लागला. दुसऱ्या दिवसापासून दोन दिवस कचेरीला सुट्टी होती. एव्हाना माझ्या मनात गोष्ट तयार झाली होती. एक माणूस, भांडून निघालेला, दोन गावांत दोन संसार, आणि ते कोडं सोडवणारी मी. ती मला इतकी आवडली होती की ती खोटी ठरावी असं मला वाटतच नव्हतं. मी शेवटची आठ-दहा पानं बोटाखालून नुसती सरकवली. सखाराम दिसला तर थांबायचं. तो दिसला नाही. मोठेबाबा दारात आले. 'झालं काय सगळं?' मी म्हणाले, 'हो. एकेक ओळ वाचली.' ते तिथेच पायरीवर खाली बसले. मला वाटलं ऊन लागलं.

सुट्टी संपली त्या दिवशी बडनेऱ्याहून गाडी धरून आम्ही अकोल्याला गेलो. स्टेशनवर दिनकर घ्यायला आला होता. त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली, पण ताई कशी आहे हे विचारलं नाही. विचारावं की नाही हेच त्याला कळत नसावं. अकोल्याच्या कचेरीत अर्ध्या तासात नोंद सापडली, तीही इतक्या सुरेख अक्षरात की वाचायला मोडीचा पंडित नको. 'सखाराम वल्द महादेव,' पुढे आमच्या गावाचं नाव, 'हल्ली वस्ती बार्शीटाकळी.' वल्द म्हणजे मुलगा. मी 'सापडला' म्हणून जवळजवळ ओरडलेच. दिनकर माझ्या शेजारी वाकून त्या ओळीकडे पाहत होता. त्याला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. 'पुन्ना वाच,' तो म्हणाला. मी पुन्हा वाचलं. बाहेर आल्यावर मोठेबाबा पाणी प्यायला गेले तेव्हा तो हळूच म्हणाला, 'पुष्पा, अमरावतीचं एकडाव अजून पाहू काय आपन? मी येतो संगं. चार दिवस हायेत.'

मला राग आला. 'मले वाचता येत नाई असं वाटते का तुमाले?' मी म्हणाले.

'तसं नाई,' तो म्हणाला. माझं ते वाक्य मी आयुष्यात किती वेळा परत घ्यायचा प्रयत्न केला आहे, देवाला ठाऊक. त्या माणसानं एवढंच मागितलं होतं, आणि मी सोळा वर्षांची दीडशहाणी.

दोन दिवसांनी मानकर मंडळी आमच्याकडे आली. बाहेरच्या खोलीत पुरुष, मधल्या खोलीत बायका, आणि मी दोन्हींच्या मध्ये कागद घेऊन. मी वंशावळ काढली होती, रेघा पट्टीनं आखलेल्या. वर महादेव, खाली सखाराम, त्याच्यापासून दोन फांद्या, एका टोकाला विमल आणि दुसऱ्या टोकाला दिनकर. तो कागद हातोहात फिरला. कुणी म्हणालं, अक्षर छान आहे. मी पाणी आणायला आत गेले तर ताई चुलीपाशी उभी. चूल पेटलेली नव्हती. तिनं माझं मनगट धरलं.

'सगळी पानं पाह्यली तू?'

'हो.'

'सगळी?'

'हो म्हटलं न ताई.'

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी नजर चुकवून तांब्या उचलला. तेवढ्यात मधल्या खोलीतून जनाआत्याची हाक आली.

जनाआत्या बायकांना सांगत होती, आणि आवाज बाहेर पुरुषांना ऐकू जावा इतका चढवून. 'लगन मोडलं म्हनून गावभर बोंब होईन. पोरीचं नाव खराब होईन. मोडलं काहून म्हनता? नातं सापडलं म्हना. आजच्या आज पोरीले भावाले ओवाळू द्या, मंग कोनी तोंड उघडनार नाई.' ही म्हातारी वाईट नव्हती. तिला ताईची काळजी होती, आणि तिच्या हिशेबात ही सगळ्यांत भली वाट होती. मोठेबाबा बाहेरून म्हणाले, 'बरोबर हाय.'

ताट आलं. आईनंच केलं, निरांजन, सुपारी, अक्षता. वात तिच्या हातून दोनदा विझली. मधल्या खोलीत पाट मांडला आणि त्यावर दिनकर येऊन बसला, डोक्यावर रुमाल, नजर फरशीवर. त्याच खोलीत महिन्यापूर्वी त्याच पाटावर साक्षगंधाला बसला होता. ताईनं त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. एक, दोन, तीन. तिचा हात मुळीच हलला नाही. दिनकरच्या आईनं बस्त्यात घेतलेली लग्नाची साडी काढून त्याच्या हातात दिली, ओवाळणी म्हणून घालायला. ती ताटात ठेवताना त्यानं एकदाच वर पाहिलं. मग बायकांनी डोळे पुसले, जनाआत्यानं ताईच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली, आणि सगळे जेवायला बसले. लग्नाच्या शेवया आम्ही पुढे वर्षभर खात होतो.

ताईचं लग्न पुढल्या साली झालं, बडनेऱ्याच्या रेल्वेतल्या मुलाशी. भाऊजी चांगले आहेत. संसार चांगला झाला, मुलं मार्गी लागली, आणि मी हे बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. दिनकरनंही लग्न केलं. आणि दर भाऊबीजेला तो अकोल्याहून गाडीनं यायचा, साडी आणायचा, ओवाळून घ्यायचा, जेवून संध्याकाळच्या गाडीनं परत. एकही साल चुकवलं नाही. ताईची मुलं त्याला दिनकरमामा म्हणत मोठी झाली. त्याच्या बायकोशी ताईचं चांगलं जमतं, आता गुडघ्यांमुळे ती येत नाही एवढंच. मी पुढे शाळेत भूगोल शिकवला, लग्न केलं, नवरा गेला, निवृत्त झाले. भाऊबीजेला मी सुरेशला लवकर ओवाळायची आणि मग ताईकडे जायचं टाळायची.

मागच्या पावसाळ्यात सुरेशच्या नातीला कॉलेजच्या प्रवेशासाठी जुने पुरावे लागले. आता ती बुकं कुणी सोडत बसत नाही, पानांचे फोटो काढून ठेवलेले असतात. सुरेशचा मुलगा मोबाइलवर पानं घेऊन आला. 'आत्या, तुम्हालाच वाचता येते.' मी चष्मा लावला. गावाचं नाव, तापाचं साल, पसरलेली शाई. दोन बोटांनी पान मोठं करत मी पहिल्या दिवशी वाचलं होतं तसं वाचायला लागले, एकेक ओळ, सगळे रकाने. आणि एका ओळीत नावाच्या रकान्यात नाव नव्हतं. 'देवरावचा आजा.' वय अंदाजे साठ. कारण ताप. खबर देणार, सून.

साथीच्या दिवसांत घरातले पुरुष बहुधा अंथरुणावर असणार. ती बाई एकटी गेली असेल सांगायला. मेला तो तिचा सासरा, सखाराम. त्याचं नाव घ्यायचं नाही. नवरा महादेव, त्याचंही घ्यायचं नाही. मग तिनं कडेवरच्या पोराचं नाव सांगितलं. लिहिणारानं ते तसंच लिहिलं, त्याला काय त्याचं. रेशनच्या दुकानात आईला रोज ऐकणारी मी, मला ही ओळ त्या दिवशी दिसायला हवी होती. पोराचं नाव पाहून मी ते एखादं गेलेलं मूलच समजले असणार, समजले म्हणण्याइतकं तरी पाहिलं असेल तर. पुढच्याच पानावर, तीन महिन्यांनंतरची, जन्माची नोंद होती. बाप, सखाराम वल्द महादेव, मानकर. आमचा सखाराम तेव्हा मातीत गेलेला होता. हा दुसरा होता, आणि आमच्याच गावात राहत असतानाच मानकर होता.

तरी मी स्वतःची समजूत घालून पाहिली, की दोघे लांबचे भाऊबंद असतील. रिक्षा करून गावी गेले. पारावर एक नव्वदीचे गृहस्थ बसले होते, त्यांना विचारलं, मानकर आणि गावंडे एकच का? ते हसले. 'एक कसे होतीन बाई? मानकर वरच्या आळीतले. पयले गावंड्याइच्या पोरी त्याइच्या घरी द्याचे, त्याइच्या इकडं याच्या. सोयरे होत ते.' मी त्यांच्या शेजारी बराच वेळ बसून राहिले. त्यांनी मला पाणी दिलं. खारं होतं.

दिवाळीला आठ दिवस असताना बडनेऱ्याला ताईकडे गेले. भाऊजी बाहेर पेपर वाचत होते. ताई स्वयंपाकघरात करंज्यांचं सारण भाजत होती. मी सगळं सांगितलं, कागद दाखवला, ती ओळ वाचून दाखवली. ती ऐकत होती आणि हात चालू होता.

'बिचारी,' ती म्हणाली. 'नाव कसं घेनार होती ते.'

'ताई, मी तवा सगळी पानं वाचली नव्हती. खोटं बोलले.'

'मले मालूम हाय.'

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

'तुह्या तोंडावर दिसून राह्यलं होतं,' ती म्हणाली. 'तांब्या घेऊन पयाली तू.'

'मंग बोलली काहून नाई?'

तिनं गॅस बंद केला. 'काय बोलू? भाईर वीस मानसं. मोठेबाबा तुही तारीफ करून राहिले. तू एवढीशी. तुले सगळ्याइच्या देखत खोटी पाडू? म्हटलं, मानसं गेल्यावर एकांतात इचारीन, उद्या बाबाले घेऊन पुन्ना कचेरीत जाऊ. दोन दिवस होते अजून.' तिनं कढई खाली उतरवली. 'मंग ताट आलं. ओवाळल्यावर काय इचारनार?'

मी तिच्या ओट्यापाशी उभी राहून रडले, या वयात. ती मला जवळ घेणारी नाही, कधी नव्हती. तिनं करंज्यांची पोळी लाटायला घेतली. थोड्या वेळानं म्हणाली, 'त्याले मीच सांगीन. आधी ओवाळीन, मंग सांगीन.'

या भाऊबीजेला मी ताईकडे होते. दिनकर आला, पंच्याहत्तरीचा, हातात काठी आणि साडीची पिशवी. त्याला आता पाटावर बसवत नाही म्हणून खुर्ची दिली. ताईनं ओवाळलं, त्यानं साडी ताटात ठेवली. मग ती ताट हातात घेऊन तशीच उभी राहून म्हणाली, 'पुष्पीनं जुनी पानं पाह्यली. ते दोघं सखाराम येगयेगळे होते. आपन भाऊ-बहीन नाई.'

भाऊजींनी पेपर खाली ठेवला. दिनकरनं माझ्याकडे पाहिलं. 'पक्कं?' त्यानं विचारलं. मी म्हणाले, 'पक्कं. या डाव सगळं वाचलं.' डोक्यावरचा रुमाल त्यानं काढला, घडी केली, गुडघ्यावर ठेवला.

'मंग पुढच्या साली काय म्हनून येऊ?' तो म्हणाला.

ताई ताट घेऊन आत वळली होती. ती दारात थांबली.

'जेवाले ये,' ती म्हणाली.